जीभ वळवळते, पाय ठरत नाहीत, हात थरथरतात : मानसिक आजाराच्या गोळ्या बदलताना काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा : वय ४१, माध्यमिक शाळेत शिक्षिका. बायपोलर आजारासाठी (यात उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येतात) नऊ वर्षं लिथियम (रोज ९०० मिलिग्रॅम) आणि रिस्पेरिडोन ४ अधिक ट्रायहेक्झिफेनिडिल २ अशी जोडगोळी चालू होती. वजन वाढलं, पाळी अनियमित झाली, म्हणून डॉक्टरांनी दहा आठवड्यांपूर्वी जोडगोळी अर्धी केली. पाच आठवड्यांपूर्वी ती बंद करून ॲरिपिप्राझोल १० मिलिग्रॅम सुरू केलं. महिनाभर पाय एका जागी ठरत नाहीत. तीन आठवड्यांपासून जीभ तोंडात वळवळते, काहीतरी चघळल्यासारखा जबडा हलतो. हातही थरथरतात, फळ्यावरचं अक्षर वाकडं येतं. जवळच्या फॅमिली डॉक्टरांनी पॅसिटेन (म्हणजे ट्रायहेक्झिफेनिडिलच) दिवसातून तीनदा दिली, त्यानंतर जीभ जास्तच हलू लागली. ॲसिडिटीसाठी दोन वर्षं रॅबेप्राझोल-लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल चालू आहे, कंबर दुखली की डायक्लोफिनॅक. सासूबाई म्हणतात हा कंपवात आहे, कवचबीजाचं चूर्ण घे. वर्गात मुलं नक्कल करतात. सगळ्याच गोळ्या बंद करून टाकू का?

नाही. आज रात्री तर अजिबात नाही. पण नुसतं 'बंद करू नका' म्हणून तुमची बोळवण करणं बरोबर नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गेली सव्वीस वर्षं मी मानसोपचार करतो आहे आणि तुमच्यासारखी चिठ्ठी (जुनी गोळी, नवी गोळी, ॲसिडिटीची गोळी, कंबरेची गोळी, वर पॅसिटेन) आठवड्यातून एकदा तरी समोर येते.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही याला एकच त्रास समजता आहात, घरचेही तसंच समजताहेत. तुमच्या लिखाणावरून तरी मला हे तीन वेगळे त्रास दिसतात आणि तिघांचा धनी वेगळा आहे. एकाला जे औषध लागू पडतं ते दुसऱ्याला बिघडवतं. पॅसिटेनने तेच झालं. 'हालचाल होते ना, मग पॅसिटेन' ही आपल्याकडची जुनी सवय आहे. हात-पाय ताठ झाले, चाल मंदावली, मान एका बाजूला वळून अडकली, तर ती खरोखर चांगली गोळी. पण जीभ वळवळण्याच्या या प्रकारात ती आगीत तेल ओतते. शिवाय तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, जवळचं वाचताना अक्षरं धूसर दिसतात. तुम्हाला हेही होत असणार. लिहिलं नाहीत एवढंच.

आता एकेक घेऊ. पायांपासून सुरुवात करतो, कारण तो त्रास दिसायला सगळ्यात साधा आणि सोसायला सगळ्यात वाईट.

माझ्या उमेदवारीच्या काळात वॉर्डात एक तरुण होता. हॅलोपेरिडॉल (रिस्पेरिडोनच्या कुळातलं जुनं औषध) सुरू केल्यावर चौथ्या दिवसापासून तो व्हरांड्यात येरझारा घालू लागला. मी केसपेपरवर लिहिलं, 'आजार वाढला आहे', आणि डोस वाढवला. येरझारा दुप्पट झाल्या. मी आणखी वाढवणार होतो. तेव्हा रात्रपाळीचे वॉर्डबॉय मामा मला म्हणाले, "साहेब, याला बसायचंय, पण बसवत नाही." बसायचं नाही आणि बसवत नाही, या दोन शब्दांमध्ये सगळं निदान होतं आणि ते मामांनी केलं, मी नाही. आजाराने अस्वस्थ झालेल्या माणसाला बसायचंच नसतं. गोळीने बेचैन झालेल्या माणसाला बसायचं असतं, तो बसतो, आणि आतून कुणी ढकलल्यासारखा पुन्हा उठतो. याला अकॅथिसिया म्हणतात. मराठीत याला चांगला शब्द नाही. एक आजी 'पायात मुंग्या नाहीत हो डॉक्टर, पायात घाई आहे' म्हणायच्या, तो मला आजवर सापडलेला सगळ्यात नेमका शब्द.

तुमच्या पायांतली घाई ॲरिपिप्राझोलची असण्याची शक्यता मोठी आहे. हे औषध वजनाला आणि पाळीला सोईचं आहे. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि पाळी बिघडते, ॲरिपिप्राझोलने ते खाली येतं. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी गोळी बदलण्याचा घेतलेला निर्णय चुकीचा नव्हता. पण अकॅथिसिया हा या औषधाचा नेहमीचा त्रास आहे आणि तो पहिल्या काही आठवड्यांतच येतो. आणखी एक लक्षात ठेवा : हे औषध शरीरातून फार सावकाश जातं. एका डोसाचा अर्धा भाग बाहेर पडायला सुमारे ७५ तास लागतात. त्यामुळे आज डोस कमी केला तर उद्या फरक दिसणार नाही, दहा-पंधरा दिवस धीर धरावा लागतो. पुष्कळ जण तिसऱ्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून उरलेली गोळीही टाकून देतात.

यावर काय करता येतं? डॉक्टर ॲरिपिप्राझोल १० वरून ५ वर आणू शकतात. सोबत प्रोप्रॅनोलॉल १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करून, नाडी आणि रक्तदाब बघत वाढवता येतं. दमा असेल तर मात्र हे औषध चालत नाही, आणि मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर उतरल्याची धडधड त्यात लपते. म्हणून दोन्ही गोष्टी आधी सांगा. ते चालत नसेल तर रात्री मिर्टाझापिन कमी मात्रेत देतात, पण बायपोलरमध्ये जपून, कारण ते नैराश्यावरचं औषध आहे आणि मूड वर नेऊ शकतं. थोडे दिवस क्लोनाझेपामही उपयोगी पडतं. पॅसिटेनचा इथे फारसा भरवसा नाही.

अकॅथिसियाबद्दल एक गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहितो. ही बेचैनी इतकी असह्य होऊ शकते की माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, आणि ते विचार आजारामुळे आले असं त्याला वाटतं. तसं काही मनात डोकावलं तर ते नवऱ्याला त्याच दिवशी सांगा, आणि डॉक्टरांची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका. रात्री-अपरात्री कुणी मिळत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता जीभ. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन निरोप पोचवतं. रिस्पेरिडोनसारखी औषधं त्या निरोपाच्या दारावर बसतात. नऊ वर्षं कानात कापसाचे बोळे घालून राहिलेल्या माणसाची कल्पना करा. ऐकू यावं म्हणून त्याचे कान हळूहळू तिखट होत जातात. मग एक दिवस बोळे काढले तर कुजबुजही आरोळीसारखी वाटते. तुमच्या मेंदूच्या, हालचाली सांभाळणाऱ्या भागाचं बरंचसं असंच झालंय. बोळे पाच आठवड्यांत निघाले. त्यातून ट्रायहेक्झिफेनिडिल त्याच गोळीत असल्याने तेही सोबत बंद झालं, आणि मग पॅसिटेन या नावाने तेच औषध परत, तिप्पट मात्रेत, सुरू झालं. जोडगोळ्यांचा हाच तोटा : एक औषध कमी करायला जावं, तर दुसरंही न विचारता कमी होतं.

गोळी कमी करताना किंवा बंद केल्यावर अशी हालचाल सुरू झाली तर तिला औषध सुटतानाची डिस्कायनेशिया म्हणतात; डिस्कायनेशिया म्हणजे आपल्या मनाविरुद्ध आपोआप होणारी हालचाल. बहुतेकांची ती चार ते आठ आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यापुढेही टिकली तर तिला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणायचं. टार्डिव्ह म्हणजे उशिराने येणारी. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात आहात. म्हणजे तुमच्या हालचालीला कायमचं नाव देण्याची वेळ अजून आलेली नाही. इंटरनेटवर ते नाव वाचून तुमची झोप उडाली असणार, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

पण खोटा दिलासाही देणार नाही. नऊ वर्षं हे औषध घेतलेल्या माणसात टार्डिव्ह डिस्कायनेशिया असण्याची शक्यता खरी आहे. कधीकधी ती आधीपासूनच असते, औषधाच्या पांघरुणाखाली दिसत नाही, आणि पांघरूण काढलं की दिसते. २०१७ साली जगभरच्या अभ्यासांची एक मोठी गोळाबेरीज झाली होती. तिच्यात ही औषधं घेणाऱ्यांपैकी साधारण दर चौघांत एकाला असा त्रास आढळला. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवर सुमारे ३० टक्के, रिस्पेरिडोनसारख्या नव्यांवर सुमारे २१ टक्के. म्हणजे 'नव्या गोळ्यांनी हे होत नाही' हे खरं नाही, कमी होतं एवढंच. वय जास्त असणं, मधुमेह असणं, स्किझोफ्रेनियाऐवजी मूडचा आजार असणं, हे सगळं धोका वाढवतं. या कुळातलं पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, पॅरिसमध्ये १९५२ साली वापरात आलं. तोंडाच्या अशा हालचालींची नोंद जर्मनीत १९५७ सालीच झाली. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी १९६४ साली तिला नाव दिलं. तरीही आमच्या धंद्याने हे मनावर घ्यायला बरीच वर्षं लावली. दोष आजारावर किंवा रुग्णाच्या 'सवयीवर' ढकलणं सोपं होतं.

इथे एक मोह होतो, डॉक्टरलाही आणि घरच्यांनाही. जुनी गोळी पूर्ण मात्रेत परत दिली तर जीभ चार दिवसांत शांत होईल. बोळे परत घातले की आरोळी थांबतेच. पण खाली कान आणखी तिखट होत राहतात, आणि पुढच्या वेळी हिशेब वाढलेला असतो. त्याऐवजी एक मधला मार्ग आहे, तो तुमच्या डॉक्टरांशी बोलून बघा : रिस्पेरिडोन अगदी लहान मात्रेत, अर्धा किंवा एक मिलिग्रॅम, परत घेऊन तिथून महिन्यांच्या हिशेबाने उतरवायचं. शेवटचा मिलिग्रॅम सगळ्यात सावकाश. चारावरून दोनावर येणं सोपं जातं आणि एकावरून शून्यावर येणं जड, याचं कारण शेवटच्या थोड्याशा औषधानेही बरीच दारं अडवलेली असतात. हालचाल सोसण्याजोगी असेल तर काही न करता आणखी चार-पाच आठवडे नोंद ठेवत थांबणं, हाही चांगला पर्याय आहे. बहुतेक वेळा मी तोच निवडतो.

तिसरा त्रास हातांचा, आणि याबद्दल मला घाई आहे. लिथियमने हाताला बारीक थरथर येते, ती पुष्कळांना असते आणि निरुपद्रवी असते. पण तुम्ही सोबत डायक्लोफिनॅक घेता. त्या वर्गातल्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं मंदावतं आणि रक्तातली पातळी वाढते. आयबुप्रोफेनही त्यातलंच, म्हणजे औषधाच्या दुकानात सुटी मिळणारी 'अंगदुखीची' पुष्कळ गोळी आली. रक्तदाबाच्या काही गोळ्या, जुलाब, उलट्या, कडक उन्हात घाम, आणि निर्जळी उपास यांनीही हेच होतं. कंबरेला पॅरासिटामॉल घ्या, शेक घ्या. डायक्लोफिनॅक आजपासून बंद. बंद करा असं मी छातीठोकपणे सांगेन अशी तुमच्या चिठ्ठीतली ही एकमेव गोळी.

बारीक थरथर आणि धोक्याची थरथर यांत फरक कसा ओळखायचा? हात पुढे सरळ करून बोटांवर कोरा कागद ठेवा. कडा भुरभुर हलत असतील तर ती बारीक. मग पेनाने एक मोठी जिलेबी काढा, मधून बाहेर, हात टेबलाला न टेकवता. कागदावर तारीख घाला आणि दर रविवारी एक काढत जा. डॉक्टरांना दहा वाक्यांपेक्षा चार जिलेब्या जास्त सांगतात. पण हात जाड हेलकावे घेत असेल, सोबत मळमळ, जुलाब, जीभ जड होऊन बोलणं अडखळणं किंवा चालताना झोक जाणं असेल, तर जिलेबी काढत बसू नका. लिथियमची पुढची गोळी न घेता थेट दवाखाना गाठा. लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर) यांत हवी. दीडच्या वर गेली की विषबाधेकडे वाटचाल असते, आणि काहींना त्याखालीही त्रास होतो. थायरॉइडची तपासणीही त्याच रक्तात करून घ्या, कारण थायरॉइड वाढलं तरी हात असेच थरथरतात.

चहाबद्दल सगळे विचारतात. चहा-कॉफीने थरथर वाढते, हे खरं. पण दिवसाला सहा कप पिणाऱ्या माणसाने तो एकदम तोडला तर लिथियमची पातळी चढू शकते, कारण चहातलं कॅफीन लिथियम बाहेर टाकायला मदत करत असतं. म्हणून कप कमी करायचे ते आठवड्याला एक अशा बेताने. पातळी बरोबर असूनही थरथर त्रास देत असेल तर वर सांगितलेलं प्रोप्रॅनोलॉल इथेही चालतं. पायांची घाई आणि हाताची थरथर, दोन्हीला एकच गोळी, असा योग क्वचित येतो. तुमच्या बाबतीत आलाय.

आता त्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलबद्दल. ही गोष्ट तुम्ही प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता लिहिलीत. लेव्होसल्पिराइड हे मुळात रिस्पेरिडोनच्याच कुळातलं औषध आहे. तेही डोपामिनच्या दारावर बसतं. आपल्याकडे ते ॲसिडिटीच्या औषधासोबत एकाच कॅप्सूलमध्ये मिळतं, आणि पोटाची गोळी म्हणून माणसं ते वर्षानुवर्षं घेतात. मानसिक आजार कधीच नव्हता अशी, कंपवातासारखी ताठरलेली किंवा तोंड चघळणारी वयस्क माणसं माझ्याकडे येतात, आणि पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या की ती कॅप्सूल निघते. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरचं प्रोक्लोरपेरॅझिन, अर्धशिशीवरचं फ्लुनॅरिझिन यांनीही हेच होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मेटोक्लोप्रमाइडवर २००९ साली यासाठीच ठळक धोक्याची सूचना छापायला लावली, आणि ते बारा आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नये असं सांगितलं. फॅमिली डॉक्टरांना सांगून तुम्ही नुसतं रॅबेप्राझोल मागा. ते दुकानात सुटं मिळतं. पुढे कधी उलट्या झाल्या तर ऑन्डान्सेट्रॉन मागा. इतर डॉक्टरांकडे जाताना 'डोपामिन अडवणारी औषधं मला सोसत नाहीत' अशी चिठ्ठी पर्समध्ये ठेवा.

सासूबाईंचा सल्ला प्रेमाचा आहे, आणि तो निराधारही नाही, म्हणूनच तो धोक्याचा. कवचबीजात खरोखर लेव्होडोपा असतं, म्हणजे कंपवातावर दिलं जाणारं तेच द्रव्य. तुम्हाला कंपवात नाही. तुमच्या जिभेला आधीच डोपामिन जास्त ऐकू येतंय, आणि बायपोलरमध्ये त्याने उन्माद उसळू शकतो. चूर्ण नको. त्यांना 'आयुर्वेद वाईट' असं सांगू नका. 'हे औषध कंपवाताचं आहे, माझा आजार त्याच्या उलटा आहे' असं सांगा. ते त्यांना पटेल.

एवढ्या गोष्टी एकदम बदलायच्या का? नाही, आणि हीच चूक हुशार रुग्ण हमखास करतात. चार गोळ्या एका आठवड्यात हलवल्या की पुढे काय कशाने झालं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. माझा क्रम असा असता : या आठवड्यात लिथियमची तपासणी आणि डायक्लोफिनॅक बंद. डॉक्टरांची भेट होताच पायांचं बघायचं, कारण त्रास तिथे जास्त आहे. दोन आठवड्यांनी पोटाची कॅप्सूल बदलायची. त्यानंतर काही दिवस जीभ थोडी वाढली तर घाबरायचं नाही, तोही एक बोळा निघालेला असतो. पॅसिटेन एकदम तोडायची नाही, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक गोळी कमी करायची. एकदम तोडली तर मळमळ, घाम, झोपमोड होते आणि हालचालीही चाळवतात. खरं तर ही गोळी प्रतिबंध म्हणून वर्षानुवर्षं देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९० सालीच सांगून ठेवलंय. जोडगोळ्यांच्या कंपन्यांपर्यंत ते अजून पोचायचंय.

दोन्ही बाजूंनी नोंद ठेवा. रोजनिशीत एका बाजूला गोळ्यांमधला बदल आणि तारीख, दुसऱ्या बाजूला पाय, जीभ, हात यांना शून्य ते चार गुण, आणि झोप किती तास. मूडचंही लिहा, कारण औषध बदलण्याच्या काळात आजार परतण्याची पहिली खूण बहुधा झोपेतच दिसते. पंधरा दिवसांतून एकदा नवऱ्याला मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा : हात नसलेल्या कडक खुर्चीवर बसा, तळवे गुडघ्यांवर, मिनिटभर काही न बोलता. मग तोंड उघडा आणि जीभ आतच ठेवा. मग जीभ बाहेर काढा. मग अंगठा एकेका बोटाला पटापट लावा, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. लक्ष बोटांकडे गेलं की जीभ आपला खरा रंग दाखवते. आम्ही दवाखान्यात करतो त्या तपासणीचाच हा घरगुती अवतार आहे. ही औषधं घेणाऱ्या प्रत्येकाची अशी तपासणी वर्षातून किमान एकदा आणि धोका जास्त असलेल्यांची सहा महिन्यांतून एकदा व्हायला हवी. नऊ वर्षांत तुमची किती वेळा झाली, हे विचारायला हरकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची आणि त्यांच्या दुष्परिणामांची माहिती मिळणं हा तुमचा हक्क केलाय. पण भांडायला जाऊ नका. नोंदवही आणि जिलेब्या घेऊन गेलात तर बोलणं आपोआप मुद्द्यावर येतं.

आणि आठ-दहा आठवड्यांनीही जीभ थांबली नाही तर? तर पर्याय आहेत. टेट्राबेनाझिन आपल्याकडे बरीच वर्षं मिळतं, हालचाल कमी करतं, पण नैराश्य आणू शकतं. बायपोलरमध्ये ते देताना मी दर पंधरा दिवसांनी बघतो. त्याच घराण्यातली व्हॅल्बेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन ही दोन औषधं अमेरिकेत २०१७ साली खास याच त्रासासाठी मंजूर झाली. पुरावा चांगला आहे, सोसायलाही बरी आहेत. किंमत मात्र आधी विचारून घ्या. रिस्पेरिडोनच्याच कुळातल्या क्वेटियापिनवर जाणं हाही एक मार्ग, पण तुमची मूळ तक्रार वजनाची होती आणि त्याने वजन वाढतं. त्याच कुळातलं क्लोझापिन हालचालींच्या बाबतीत सगळ्यात सौम्य; पण पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, म्हणून ते शेवटच्या फळीवर.

त्याआधीचा प्रश्न मी तुमच्या डॉक्टरांना विचारला असता : लिथियम नीट लागू पडलेलं असेल आणि कित्येक वर्षांत उन्मादाचा झटका नसेल, तर या बाईंना लिथियमच्या जोडीला रिस्पेरिडोन-ॲरिपिप्राझोलच्या वर्गातली गोळी हवीच आहे का? कधीकधी ती एखाद्या जुन्या झटक्यात सुरू झालेली असते आणि कुणी थांबवायची म्हणून थांबवलेली नसते. उत्तर 'हवी' असंही येऊ शकतं. आणि लिथियम स्वतःहून एकदम बंद करण्याचा विचार मनातून काढून टाका. त्याने उन्माद इतक्या वेगाने परततो की जीभ-पाय आठवणारही नाहीत.

ताप आणि अंग लाकडासारखं ताठ होऊन शुद्ध हरपू लागणं, घसा आवळून श्वास अडणं, डोळे वर चढून तिथेच अडकणं, यांपैकी काही झालं तर वाट बघू नका, जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि गोळ्यांची पिशवी सोबत न्या.

रोजचं निभावण्याबद्दल. तोंडात एखादी लवंग किंवा साखर नसलेली गोळी ठेवली की जिभेला काम मिळतं आणि हालचाल कमी दिसते. माझे एक रुग्ण कीर्तनकार आहेत, ते कीर्तनभर लवंग गालात धरतात. सुपारी नको. दाताची एखादी कड जिभेला लागत असेल तर दंतवैद्याकडून घासून घ्या, जीभ तिथे सारखी जाऊन जखम होते. थकवा, ताण, अपुरी झोप यांनी सगळ्याच हालचाली वाढतात आणि गाढ झोपेत जीभ शांत होते. रात्री नवऱ्याला बघायला सांगा, त्यांचीही खात्री पटेल की ही सवय किंवा नाटक नाही. शिकवताना बसू नका, फिरत शिकवा. पायांची घाई वर्गात कुणाला कळणारही नाही. पेपर तपासणं तासाभराच्या तुकड्यांत करा. पाय शांत होईपर्यंत एसटीचा रात्रीचा लांब प्रवास टाळा. फळ्यावर खडू धरताना मनगट दुसऱ्या हाताने पेलून धरा, अक्षर मोठं काढा.

मुलांच्या नकलेचं तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय, हे प्रश्नाच्या शेवटच्या ओळींतून कळतं. माझ्या एका शिक्षक रुग्णाने पहिल्याच तासाला सांगून टाकलं होतं : "मला एका औषधाचा त्रास होतोय, तोंड हलतं. दुखत नाही. काही महिने असं दिसेल. चला, पान बेचाळीस." आजाराचं नाव त्यांनी घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. नक्कल दोन दिवस चालली, मग मुलांना कंटाळा आला.

लिथियमची तपासणी उद्या-परवाच उरका. रात्रीची गोळी नऊला घेतली असेल तर रक्त सकाळी नऊच्या सुमाराला द्या, बारा तासांनी. आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. आधी घेतली तर आकडा उगाच मोठा येतो आणि मग सगळेच घाबरतात.